टोमॅटोच्या मुळांना गाठी: बियाणं खरं, हंगाम चुकीचा

प्रश्न: नमस्कार. नागपूरजवळच्या कळमेश्वर तालुक्यात आमचं साडेतीन एकर वावर आहे. विहीर आहे, ठिबक आहे. नाल्याकाठची दीड एकर जमीन वाळूसर, बाकी काळी. वाळूसर तुकड्यात तीन वर्षांपासून उन्हाळी टमाटर घेतो, कारण एप्रिल-मेमध्ये भाव बरा मिळतो. मागच्या वर्षी मुळांवर गाठी निघाल्या, झाडं पिवळी पडली. म्हणून यंदा दुकानदाराच्या सांगण्यावरून ‘याला निमॅटोड लागत नाही’ असं संकरित बियाणं महागात घेतलं. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात काळ्या मल्चिंगवर, म्हणजे मातीवर अंथरलेल्या प्लॅस्टिक कागदावर, लागवड केली. मार्चच्या मध्यापर्यंत प्लॉट पाहण्यासारखा होता. आता एप्रिलमध्ये पाणी असूनही झाडं दुपारी माना टाकतात. उपटून पाहिलं, तर पुन्हा गाठी. मला फसवलं का? तक्रार करू का? बाबा म्हणतात, टमाटरचा नाद सोड, तूर पेर. शेजाऱ्यानं दाणेदार औषधाची पिशवी आणून दिली आहे, ती टाकू का? आणि अशा झाडाची टमाटरं खायला, विकायला चालतात का?
– एक तरुण शेतकरी

उत्तर: फसवणुकीचं आधी बोलू, कारण राग तिथं आहे आणि बाकीचे निर्णय रागात घेऊ नयेत.

तुम्ही लिहिलंय की मार्चच्या मध्यापर्यंत प्लॉट उत्तम होता. मागच्या वर्षी त्याच जमिनीत साधं वाण बिघडलं. यंदाचं बियाणं बोगस असतं, तर त्याच किडलेल्या जमिनीत फेब्रुवारीतच झाडं खुरटली असती. तसं झालं नाही. पहिले सहा-सात आठवडे ते वाण तग धरून होतं आणि उन्हानं जोर धरला तेव्हा हरलं. हा क्रम खोट्या बियाण्याचा वाटत नाही. तो खऱ्या प्रतिकारशक्तीची मर्यादा संपल्याचा आहे. दुकानदारानं तुम्हाला अर्धं सांगितलं, एवढं मात्र खरं.

राहिलेलं अर्धं असं. टोमॅटोत गाठीच्या सूत्रकृमींविरुद्ध (दुकानदाराचा ‘निमॅटोड’ तो हाच, मुळात राहणारा सूक्ष्म कृमी) जो प्रतिकार मिळतो, तो बाजारातल्या जवळजवळ सगळ्या वाणांत एकाच जनुकातून येतो. त्याला एमआय म्हणतात. तो मूळचा आपल्या टोमॅटोचा नाही, पेरू देशातल्या एका रानटी जातीचा आहे. रानटी आणि लागवडीच्या टोमॅटोचा संकर केला, तर बी धड रुजत नव्हतं. १९४४ साली कॅलिफोर्नियात पी. जी. स्मिथ यांनी कच्च्या बियांतला गर्भ काढून तो प्रयोगशाळेत वाढवला आणि संकराचं रोप मिळवलं. पुढची जगभरातली प्रतिकारक्षम वाणं त्या एका कामाच्या वंशावळीतली आहेत. १९९८ साली हा जनुक वेगळा काढून त्याची रचनाही वाचली गेली. पिढ्यान्‌पिढ्या एकाच जनुकावर सगळ्यांनी विसंबायचं, हे मला कधीच फारसं पटलेलं नाही. पण आज दुकानात मिळतं ते हेच.

हा जनुक काम कसा करतो हे कळलं, की तुमच्या वावरात काय झालं ते आपोआप कळेल. अंड्यातून निघालेली अळी अर्धा मिलिमीटरही लांब नसते, डोळ्यांना दिसत नाही. ती कोवळ्या मुळाच्या टोकाजवळून आत शिरते, आतल्या नळ्यांपर्यंत सरकते आणि सुईसारख्या तोंडानं काही पेशींत आपला रस सोडते. साध्या वाणात त्या पेशी फुगून राक्षसी होतात, झाडाचं अन्न तिथं ओढलं जातं, आजूबाजूचं मूळ सुजतं. तीच तुमची गाठ. अळी तिथंच बसून जेवते, नाशपातीच्या आकाराची मादी होते आणि चिकट पुंजक्यात काही शे अंडी घालते. नर लागतच नाही. जमीन उबदार असली, की एक पिढी साधारण महिन्याभरात पुरी होते. एमआय असलेल्या झाडात अळी आत शिरते, पण जेवायला बसली की झाड तिला ओळखतं. तिच्या डोक्याभोवतालच्या पेशी एखाद्या दिवसात स्वतःहून मरतात. अन्न मिळत नाही, अळी उपाशी संपते. गाठ नाही, अंडी नाहीत.

आता मर्यादा. जमिनीचं तापमान साधारण २८ अंशांच्या वर गेलं, की ही ओळख पटणं बंद होतं. झाड तेच, जनुक तोच, पण अळी निवांत जेवते आणि गाठी येतात. ही काही नवी गोष्ट नाही. व्हिक्टर ड्रॉपकिन यांनी १९६९ सालीच प्रयोगाने दाखवलं होतं की, उष्णता वाढली की प्रतिकार उलटतो.

नागपुरात मार्चमध्येच कमाल पारा पस्तिशीच्या पुढं जातो आणि एप्रिलमध्ये चाळिशी गाठतो. त्यात तुमची जमीन वाळूसर, ती लवकर तापते. त्यावर काळं मल्चिंग. काळा कागद मातीला चिकटून असला, की थंडीत मुळांना ऊब देतो. मार्चनंतर तोच मुळांची भट्टी करतो. तुम्ही जानेवारीच्या अखेरीस लावलेल्या रोपांना जेमतेम दीड महिना जनुकाचं संरक्षण मिळालं. मग फळं धरायच्या वेळी, झाडाची भूक सर्वांत मोठी असताना, ते संरक्षण निघून गेलं. यात भर म्हणजे तीन वर्षं त्याच जागेवर टोमॅटो, म्हणजे जमिनीत अंड्यांचा साठा तयार होताच.

माझ्या बोलण्यावर विसंबू नका, मोजून पाहा. मातीत खुपसायचा थर्मामीटर फार महाग नसतो. दुपारी दोन-तीनच्या सुमारास मल्चिंगच्या भोकातून, झाडाच्या बुडाशी, दहा सेंटीमीटर खोल खुपसा आणि दोन मिनिटं थांबा. मग तेच पहाटे करा. पहाटेचा आकडाही अठ्ठाविसाच्या आसपास असेल, तर तुमच्या मुळांना रात्रीचीही सुटी नाही असं समजा.

एक शंका मात्र उरते, ती मी झाकून ठेवणार नाही. एमआय जनुक तीन जातींच्या सूत्रकृमींवर चालतो: इन्कॉग्निटा, जावानिका आणि अरेनारिया. आपल्या भागातल्या भाजीपाल्यात बहुतेक वेळा पहिल्या दोन सापडतात. पण एन्टरोलोबी नावाची आणखी एक जात आहे, जी गेल्या काही वर्षांत देशात पेरूच्या रोपांबरोबर बरीच फिरली आहे. तिच्यापुढं हा जनुक थंडीतही निकामी ठरतो. तुमच्या बांधाला लागून पेरूची नवी बाग असेल, किंवा त्या तुकड्यात बाहेरून आणलेली पेरूची कलमं लावली असतील, तर ही शक्यता मनात ठेवा. त्याखेरीज, वर्षानुवर्षं फक्त प्रतिकारक्षम वाणंच लावत राहिलं, की इन्कॉग्निटातलेच काही वंश जनुकाला चकवायला शिकतात. तुमचं हे पहिलंच वर्ष आहे, तेव्हा ती भीती आज नको.

उन्हानं झालं की जातीमुळं, हे घरी ठरवता येतं. यंदा डिसेंबरात त्या दीड एकरातली, जिथं गाठी आलेली झाडं होती तिथली माती दोन-चार कुंड्यांत भरा. निम्म्या कुंड्यांत उरलेलं हेच संकरित बियाणं लावा, निम्म्यांत गावातलं कोणतंही साधं टोमॅटो. कुंड्या सावलीच्या बाजूला ठेवा, उन्हानं कुंडी तापली तर सगळी परीक्षा वाया. सहा-सात आठवड्यांनी दोन्ही झाडं उपटा आणि मुळं बादलीत हलवून धुवा. नळाच्या धारेखाली धरू नका, बारीक मुळं तुटतात आणि पुरावाच जातो. साध्या झाडाला गाठी आणि संकरिताची मुळं स्वच्छ, तर बियाणं खरं होतं आणि दोष उन्हाचा. दोघांनाही सारख्याच गाठी, तर मात्र बियाणं तरी खोटं आहे किंवा सूत्रकृमी तरी वेगळी. मग मुळं आणि मुळांजवळची पाव-अर्धा किलो ओली माती प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, उन्हापासून जपून, नागपुरात महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयात घेऊन जा. माती वाळवून नेऊ नका. मातीपरीक्षणाची सवय असलेली मंडळी हटकून वाळवूनच नेतात आणि मग तपासायला जिवंत काही उरत नाही.

आता तक्रार. आधी पाकीट शोधा, फेकलं नसेल तर. त्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकावर रोगांची आद्याक्षरं असतात. जुन्या पद्धतीत नुसतं ‘एन’ लिहीत. नव्या पद्धतीत तिन्ही जातींची आद्याक्षरं लिहितात आणि त्यांच्या आधी ‘एचआर’ किंवा ‘आयआर’. एचआर म्हणजे जोरदार प्रतिकार, आयआर म्हणजे मध्यम. सूत्रकृमींच्या बाबतीत बहुतेक वेळा आयआरच लिहिलेलं आढळतं. याचा अर्थ, प्रतिकूल परिस्थितीत आणि रोगाचा दाब जास्त असला तर लक्षणं दिसू शकतात, हे कंपनीनं कागदावर आधीच सांगून ठेवलेलं असतं. पाकिटावर आयआर असेल, तर तालुकास्तरीय तक्रार निवारण समितीपुढं तुमची बाजू लंगडी पडेल. ‘लागत नाही’ हे वाक्य दुकानदाराच्या तोंडचं होतं, कागदावरचं नव्हे. पाकिटावर काहीच लिहिलेलं नसेल, किंवा एचआर असेल, तर गोष्ट वेगळी. मग उशीर करू नका, कारण समिती उभं पीक पाहते. उपटून टाकलेल्या प्लॉटचा पंचनामा करायला कोणी येणार नाही. बिल, पाकीट आणि लॉट नंबर सांभाळून ठेवा. मला विचाराल, तर कळमेश्वर-नागपूर फेऱ्यांत घालवायचे दिवस मी या वर्षी जमिनीवर घालवीन.

शेजाऱ्याची पिशवी परत करा. पिशवीवर काय लिहिलंय ते तुम्ही कळवलेलं नाही. फोरेट असेल, तर त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे, ती घरात ठेवूही नये. कार्बोफ्युरान असेल, तर ते जहाल विष आहे आणि तुमच्या झाडांवर फळं लागलेली आहेत. विषाचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी आता त्याचा उपयोग नाही. मादी गाठीच्या आत बसली आहे. झालेली गाठ कोणतंही औषध मोकळी करत नाही. फ्लुओपायरमसारखी नवी सूत्रकृमीनाशकं आली आहेत, पण त्यांचं काम लागवडीच्या सुमाराचं, मुळं कोवळी असतानाचं. तेव्हाही लेबलवर टोमॅटो आणि सूत्रकृमी हे दोन्ही शब्द दिसले तरच घ्यायचं. दुकानात ‘सगळ्यावर चालतं’ म्हणून देतात, त्याला भुलू नका.

उभ्या पिकाचं एवढंच करा. मुळं अधू झाली आहेत, तेव्हा एकदम भरपूर पाणी न देता थोडं थोडं, पण रोज द्या. काळ्या कागदावर तणीस किंवा गव्हाचं काड पसरा, सावलीनं मातीचे दोन-चार अंश उतरले तरी झाडाला तेवढाच दम मिळेल. पिवळी पानं पाहून खताचा डोस वाढवू नका. पानं पिवळी आहेत ती खत कमी पडलं म्हणून नव्हे, मुळाला उचलता येत नाही म्हणून. आणि हा प्लॉट जूनपर्यंत ओढत नेऊ नका. भाव चढलेला असतो, शेवटचे चार क्रेट मोह घालतात, हे मान्य. पण त्या चार क्रेटांच्या मागे अंड्यांची आणखी एक पिढी जमिनीत पडते.

काढणी संपली की झाडं वरून कापून मुळं जमिनीत सोडायची, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. यंदा ती बंद. ओलावा असताना झाड मुळासकट उपटा, तुटलेली मुळं कुदळीनं काढा, वावरातच उन्हात वाळवा आणि जाळा. धुऱ्यावर फेकू नका, शेणखताच्या खड्ड्यात टाकू नका आणि नाल्यात तर मुळीच नको, खालच्या शेतकऱ्यानं काय बिघडवलंय? मुळं काढताना एकदा जवळून पाहून घ्या. सूत्रकृमीची गाठ हे मूळच सुजलेलं असतं, नखानं सोलून वेगळी होत नाही. तुरीच्या, हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठी बाजूला चिकटलेल्या असतात, अंगठ्यानं निघतात आणि फोडल्या तर आतून गुलाबी असतात. त्या नत्राच्या, त्या मित्र. दोन्हींत गल्लत करून चांगल्या तुरीचं पीक मोडलेली माणसं आहेत.

मग मे महिना. ज्या उन्हानं जनुक हरवला, तेच ऊन आता तुमच्या बाजूनं वापरायचं. खोल नांगरट करून दीड एकर उघडा टाका आणि दहा-पंधरा दिवसांच्या अंतरानं वखर फिरवून खालची माती वर आणत राहा. वाळलेल्या, तापलेल्या ढेकळात अंडी टिकत नाहीत. रोपवाटिकेच्या वाफ्याला याहून पक्का उपाय करा. वाफा भिजवा, त्यावर २५ मायक्रॉनचा पारदर्शक प्लॅस्टिक कागद ताणून अंथरा, कडा मातीत गाडा आणि चार ते सहा आठवडे हात लावू नका. कागद पारदर्शकच हवा, काळा नको, कारण ऊन मातीपर्यंत पोचलं पाहिजे. पुऱ्या दीड एकरावर हे करायला परवडणार नाही आणि खोलवरच्या सूत्रकृमी त्यातून वाचतात. पण रोपं स्वच्छ निघाली, तरी निम्मी लढाई जिंकली. ट्रेमधली कोकोपीटवरची रोपं विकत घेत असाल, तर घेण्याआधी एक रोप ट्रेतून काढून मुळं धुऊन पाहा. रोपवाटिकावाला नाराज झाला तर होऊ द्या.

बाबांच्या तुरीविषयी. त्यांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे: त्या तुकड्यात टोमॅटोला खंड हवाच. पण तूरही गाठीच्या सूत्रकृमींना चालते, सोयाबीनही चालतं. वांगी, मिरची, भेंडी, काकडीवर्गीय वेल, सगळे त्यांचे यजमान. धुऱ्यावर भाजीसाठी अंबाडी लावली असेल, तर तीसुद्धा. तूर पेरून बाबा समाधानी होतील आणि खालची फौजही. त्या दीड एकरात जूनमध्ये ताग पेरा. सूत्रकृमींना जागा कमी देणारं आणि त्यांना खाली दाबणारं हिरवळीचं याहून चांगलं पीक मला माहीत नाही. दीड-दोन महिन्यांनी फुलं धरायच्या सुमारास गाडून टाका, वाळूसर जमिनीला कसही मिळेल. एखाद्या भागात दाट झेंडू लावता येईल. झेंडूच्या मुळांतून सूत्रकृमींना घातक द्रव्य सुटतं, पण तो सलग लावला तरच. टोमॅटोच्या कडेला चार ओळी लावल्या म्हणजे फोटो छान येतो, मुळांचं काही भलं होत नाही. दसऱ्याला सीताबर्डीत फूल विकलं गेलं तर खर्चही निघेल. भुईमूग आणि तीळ हेही इन्कॉग्निटाला फारसे मानवत नाहीत. वाळूसर जमिनीत भुईमूग तसाही बरा येतो. काय पेराल ते पेरा, पण काटेमाठ आणि कामोणी वेळेवर काढा. तागात तण माजलं, तर सूत्रकृमी तणावर चरत राहतात आणि तुम्ही समजता की जमीन विश्रांती घेत आहे.

ताग गाडल्यावर, लागवडीच्या दोन-तीन आठवडे आधी, निंबोळी पेंड एकरी दोन ते चार क्विंटल आणि तिच्यासोबत चांगल्या कुजलेल्या शेणखतात वाढवलेली परपुरिओसिलियमची बुरशी द्या. ही बुरशी सूत्रकृमींची अंडी खाते. जुन्या पाकिटांवर तिचं नाव पेसिलोमायसिस लिहिलेलं असतं, वस्तू तीच. तयार झालेल्या गाठींवर तिचा चमत्कार कोणी सांगितला तर ऐकू नका, तिचं काम हळू आणि जमिनीतलं आहे.

आता मूळ मुद्दा, हंगाम. हेच महागडं बियाणं सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात लावा. पावसाळा ओसरलेला, जमीन निवत चाललेली. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात नागपुरात मुळांजवळचं तापमान अठ्ठाविसाच्या पुष्कळ खाली राहतं, म्हणजे पिकाच्या बहुतेक आयुष्यात जनुक जागा असतो. अशा हंगामात प्रतिकारक्षम झाड एक जादा काम करतं: अळ्या आत शिरतात आणि तिथंच मरतात, त्यामुळं साठा घटतो. साध्या वाणाला खतपाणी घालून जगवलं तर पीक येईल, पण जमिनीतली संख्या वाढतच जाईल. संकरित परवडत नसेल तर हिस्सार ललित, पीएनआर-७ ही आपल्याच देशातल्या कृषी विद्यापीठांनी काढलेली प्रतिकारक्षम वाणं आहेत. बी मिळतं का याची चौकशी करा. उष्णता त्यांनाही आडवी येते.

तुम्ही म्हणाल, ऑक्टोबरात सगळेच लावतात, जानेवारीत कळमन्याच्या बाजारात भाव पडलेला असतो, आम्हाला एप्रिलचाच भाव हवा. रास्त आहे. त्याला दोन वाटा दिसतात. एक म्हणजे उन्हाळी टोमॅटो नाल्याकाठावरून उचलून काळ्या जमिनीत न्या. भारी जमिनीत या सूत्रकृमी तितक्या माजत नाहीत आणि माती तापायलाही वेळ लागतो. निचऱ्यासाठी गादीवाफा उंच करा, मल्चिंग वरून चंदेरी असलेलं घ्या, म्हणजे ऊन परत फेकलं जाईल. एक पथ्य: नाल्याकाठच्या तुकड्यातून आलेला वखर, फावडं, ट्रॅक्टरचे फाळ धुतल्याशिवाय काळ्या जमिनीत उतरवायचे नाहीत. त्या तुकड्यातलं पाणीही वाहून तिकडं जायला नको.

दुसरी वाट कलमी रोपांची. संत्र्याच्या मुलखात खुंट म्हणजे काय हे समजावायची गरज नाही. नागपुरी संत्रा जंबेरी लिंबाच्या खुंटावर चढतो, तसा टोमॅटोही दुसऱ्या मुळांवर चढतो. इथं एक प्रश्न विचारल्याशिवाय पैसे देऊ नका: खुंट कशाचा? टोमॅटोचे बरेच प्रतिकारक्षम खुंट याच एमआय जनुकावर उभे असतात. ते घेतलेत, तर मार्चनंतर पुन्हा हाच किस्सा. वांग्याचे खुंट वेगळ्या घडणीचे. तैवानमधल्या जागतिक भाजीपाला केंद्रानं उष्ण, ओल्या हंगामातल्या टोमॅटोसाठी ईजी २०३ नावाचा वांग्याचा खुंट सुचवलेला आहे. तो गाठीच्या सूत्रकृमींना, जिवाणूजन्य मर रोगाला आणि साचलेल्या पाण्यालाही तोंड देतो. रानवांग्याचा खुंटही सूत्रकृमींना दाद देत नाही, पण त्यावर टोमॅटोपेक्षा वांगं जास्त मजेत वाढतं. रोपांची किंमत साध्या रोपाच्या कितीतरी पट असते, त्यामुळं पहिल्या वर्षी दोन-तीन ओळींतच लावून पाहा. लावताना कलमाचा सांधा मातीच्या वर राहील याकडं मजुराच्या मागं उभं राहून लक्ष द्या. आपल्याकडं टोमॅटोचं रोप खोल पुरायची सवय आहे. कलमी रोप तसं पुरलं, की वरच्या फांदीला स्वतःची मुळं फुटतात, ती सूत्रकृमींच्या तोंडी जातात आणि खुंटाचे पैसे वाया.

उष्णतेतही टिकणारे जनुक रानटी टोमॅटोत सापडले आहेत, एमआय-९ हा त्यातलाच. पण ते दुकानात मागून मिळणारी गोष्ट नाही. तेव्हा पुढच्या मोसमात कोणी ‘उन्हाळी निमॅटोडप्रूफ’ म्हणून पाकीट पुढं केलं, तर कोणता जनुक आणि किती तापमानापर्यंत, हे विचारा. उत्तर आलं नाही तर पाकीट खाली ठेवा.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. गाठी आलेल्या झाडाची टोमॅटो खुशाल खा आणि विका. सूत्रकृमी मुळात राहतात, फळात चढत नाहीत आणि या जातींचा माणसाच्या पोटातल्या जंतांशी काही संबंध नाही. फळं लहान भरतील, त्यामुळं प्रतवारी करून मोठी वेगळी बांधा, लहान मालाला कॉटन मार्केटमध्ये चटणी-सॉसवाले गिऱ्हाईक मिळतं. फक्त शेजाऱ्याची ती पिशवी आधीच टाकून झाली असेल, तर तोडणी थांबवा आणि पिशवीवर लिहिलेला प्रतीक्षा काळ पुरा होईपर्यंत एकही क्रेट बाजारात नेऊ नका, घरच्या भाजीतही नको.